नॉर्वेचा किनारा, बंदरामागून बंदर

नॉर्वेचा किनारा समुद्रातून पाहायचा असे एकदा ठरले की पहिला निर्णय जहाजाचा करावा लागतो आणि बाकीचे बहुतेक निर्णय त्याच्यामागून येतात. आपल्याकडच्या सहल कंपन्या 'नॉर्वे क्रूझ' म्हणून जे दाखवतात, त्यात बहुधा काही हजार प्रवाशांना घेऊन जाणारी मोठी जहाजे असतात. ती उत्तर युरोपातल्या एखाद्या मोठ्या बंदरातून निघतात, तीन-चार प्रसिद्ध फियॉर्डांमध्ये, म्हणजे उभ्या डोंगरांमधून आत घुसलेल्या समुद्राच्या अरुंद खाड्यांमध्ये, शिरतात आणि आठवड्याभरात परत येतात. पोहण्याचे तलाव, नाट्यगृह, दुकाने असे सारे काही त्यांच्यावर असते, आणि ज्यांना विश्रांती हवी आहे त्यांच्यासाठी ती सोय चांगलीच आहे. आम्ही दोघांनी मात्र पुष्कळ वाचन आणि विचार केल्यावर दुसरी वाट धरली आहे. दक्षिणेकडच्या बर्गेनपासून रशियाच्या सीमेजवळच्या किर्केनेसपर्यंत रोज एक किनारी बोट सुटते, वाटेत ३४ बंदरे घेते, आणि गेली १३० हून अधिक वर्षे हा क्रम चालू आहे. येत्या मार्चमध्ये आम्ही त्या बोटीने जाणार आहोत. तिची आखणी करताना जे समजले आणि जे पटले, ते येथे सविस्तर लिहीत आहे, कारण या मार्गाविषयी मराठीत फारसे काही माझ्या वाचनात आले नाही.

ही बोट प्रथमतः त्या किनाऱ्यावरच्या माणसांसाठी आहे. एका बंदरात शाळकरी मुले चढून पुढच्या बंदरात उतरतात, कोणी रुग्णालयात तपासणीला निघालेले असते, बोटीच्या पोटात माशांची खोकी, यंत्रांचे सुटे भाग आणि किराणा भरलेला असतो. आपल्यासारखे फिरायला आलेले लोक तिच्यावर पुष्कळ असले, तरी तिचे वेळापत्रक आपल्यासाठी थांबत नाही. एखाद्या बंदरात ती पंधरा मिनिटे थांबते, तर एखाद्या ठिकाणी चार तास. नॉर्वेचे सरकार ही सेवा करार करून विकत घेते, आणि सध्या हुर्टिगरूटेन व हाविला अशा दोन कंपन्यांच्या मिळून अकरा बोटी ती चालवतात.

या सेवेचा आरंभ समजून घेतल्याशिवाय तिची थोरवी कळत नाही. बेटांसह मोजला तर नॉर्वेचा किनारा १,००,००० किलोमीटरच्या वर भरतो, आणि त्याच्या मागे लगेच उभे डोंगर असल्यामुळे उत्तरेकडे जमिनीवरून वाट काढणे पिढ्यान्‌पिढ्या अवघड होते. १९ व्या शतकाच्या अखेरीपर्यंत उत्तरेकडच्या हामरफेस्टला टपाल पोहोचायला उन्हाळ्यात काही आठवडे लागत आणि हिवाळ्यात काही महिने. सरकारने वर्षभर चालणारी जलद बोट सुरू करण्याचे ठरवले, तेव्हा मोठ्या कंपन्यांनी नकार दिला. हिवाळ्याच्या अखंड अंधारात, मोजक्या दीपगृहांच्या आणि अपुऱ्या नकाशांच्या भरवशावर, खडकांनी भरलेल्या त्या पाण्यातून रात्री बोट हाकणे त्यांना अशक्य वाटले. व्हेस्टेरोलेन भागातल्या एका लहान कंपनीचे कप्तान रिचर्ड विथ यांनी ते काम अंगावर घेतले. त्यांनी आणि त्यांच्या वाटाड्याने आधीच्या फेऱ्यांत होकायंत्राची दिशा, बोटीचा वेग आणि लागलेला वेळ यांच्या बारीक नोंदी ठेवल्या होत्या, आणि त्या नोंदींच्या आधारे अंधारातही मार्ग काढता येईल असा त्यांचा विश्वास होता. २ जुलै १८९३ रोजी त्यांची 'वेस्टेरोलेन' ही आगबोट ट्रोन्डहाइमहून हामरफेस्टकडे निघाली. पुढे काही वर्षांनी मार्ग दक्षिणेला बर्गेनपर्यंत आणि पूर्वेला किर्केनेसपर्यंत वाढला.

हे वाचताना मला कोकणच्या बोटीची आठवण येणे अपरिहार्य होते. माझी आजी देवगडची. तिच्या लहानपणी मुंबईला जायचे म्हणजे बोटीनेच, आणि हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले ही बंदरे ती जपाच्या माळेसारखी ओळीने म्हणून दाखवत असे. बहुतेक ठिकाणी बोट धक्क्याला न लागता खोल पाण्यात उभी राहायची आणि माणसे पडावातून तिच्यापर्यंत जायची. १७ जुलै १९४७ रोजी रेवसकडे निघालेली 'रामदास' बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली, तिचे दुःख आजही त्या पट्ट्यातल्या घराघरांत सांगितले जाते. रस्ते झाले, नंतर १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, पण तोपर्यंत बोट केव्हाच बंद पडली होती. नॉर्वेतही रस्ते, पूल, बोगदे आणि विमानतळ झाले. तरीही त्या देशाने आपली बोट जपली, तिच्यावर पैसे खर्च केले आणि तिला आधुनिक केले, हे पाहिले की मनापासून आदर वाटतो. आपली बोटही टिकायला हवी होती, असे मला ठामपणे वाटते. या प्रवासामागे माझी जी ओढ आहे तिचा मोठा भाग यातच आहे.

आता ऋतूचा प्रश्न. येथे प्रत्येकाने आपल्याला नक्की काय पाहायचे आहे हे आधी ठरवावे, कारण सगळे एका फेरीत मिळत नाही. नॉर्वेच्या अगदी उत्तरेकडच्या नॉर्थ केप या कड्यावर १४ मेपासून २९ जुलैपर्यंत सूर्य मावळतच नाही. त्या दिवसांत हिरवे डोंगर, भरून वाहणारे धबधबे, कड्यांवर घरटी केलेले पफिन पक्षी असे सारे असते, आणि काही बोटी उन्हाळ्यात गायरांगर फियॉर्डमध्येही आत जातात, जो २००५ पासून जागतिक वारसा यादीत आहे. मात्र आकाश उजळ असल्यामुळे ध्रुवीय प्रकाश, म्हणजे ध्रुवाजवळच्या रात्रीच्या आकाशात चमकणारा ऑरोरा, दिसण्याचा प्रश्नच येत नाही. याउलट नोव्हेंबरच्या अखेरीपासून जानेवारीच्या मध्यापर्यंत ट्रॉम्सोमध्ये सूर्य क्षितिजाच्या वर येत नाही. तेव्हा दुपारी काही तास निळसर संधिप्रकाश असतो, हेरिंग माशांच्या मागे ओर्का आणि कुबडे देवमासे उत्तरेकडच्या फियॉर्डांत येतात, पण किनारा पाहायला पुरेसा उजेड मिळत नाही.

आम्ही मार्चचा उत्तरार्ध निवडला, त्याची कारणे तीन. विषुवदिनाच्या सुमारास पृथ्वीवर सगळीकडे दिवस आणि रात्र जवळपास सारखे असतात, त्यामुळे बारा तास किनारा दिसतो आणि बारा तास आकाश. दुसरे असे की विषुवदिनांच्या आसपास पृथ्वीच्या आणि सौरवाऱ्याच्या चुंबकीय क्षेत्रांची परस्परांशी मांडणी अशी होते की भूचुंबकीय वादळांची शक्यता वाढते, आणि त्यामुळे ध्रुवीय प्रकाशाला अनुकूलता मिळते. ढग आडवे आले तर अर्थातच काही उपाय नाही. या प्रकाशाचा सूर्याशी असलेला संबंध प्रयोगशाळेत प्रथम दाखवणारे क्रिस्तियान बिर्केलँड हे नॉर्वेचेच शास्त्रज्ञ. निर्वात पेटीत एक चुंबकीय गोळा ठेवून त्यावर विद्युत्‌कणांचा झोत सोडला की गोळ्याच्या ध्रुवांभोवती प्रकाशाची वलये उमटतात, हे त्यांनी करून दाखवले. त्यांच्या काळात ते सर्वांना पटले नाही. जाण्याआधी एवढे तरी ठाऊक असावे, म्हणजे तो प्रकाश दिसला तर आपण नुसतेच छायाचित्र काढत बसणार नाही. तारीख पक्की करताना आम्ही चंद्राच्या कलाही पाहिल्या, आणि बोट उत्तरेला असेल त्या रात्री अमावस्येच्या जवळ येतील अशी फेरी घेतली. पौर्णिमेच्या चांदण्यात फिकट प्रकाश हरवून जातो.

तिसरे कारण माशाचे आहे, आणि मला विचाराल तर तेच सर्वांत मोठे. नॉर्वेच्या इतिहासाचा अर्धा भाग कॉड माशात आहे. दर हिवाळ्यात हा मासा बारेंट्स समुद्रातून शेकडो किलोमीटर पोहत लोफोटेन बेटांच्या पाण्यात अंडी घालायला येतो, आणि जानेवारीपासून एप्रिलपर्यंत तेथे मासेमारीचा हंगाम असतो. पकडलेले मासे स्वच्छ करून, दोन-दोन शेपटीला बांधून, लाकडी मांडवांवर उघड्या हवेत टांगतात. मीठ लावत नाहीत. तापमान शून्याच्या आसपास राहते, वारा वाहता असतो, आणि जूनपर्यंत मासा काष्ठवत होऊन वर्षानुवर्षे टिकण्याजोगा बनतो. वसई-अर्नाळ्याला बांबूंवर दोऱ्या ताणून सुकत घातलेल्या बोंबलांच्या रांगा ज्याने पाहिल्या आहेत, त्याला हे दृश्य एका क्षणात ओळखीचे वाटेल, फरक एवढाच की तेथे उन्हाचे काम थंडी करते. मार्चच्या अखेरीस हे मांडव भरत आलेले असतात.

हा सुका मासा युरोपभर गेला. कॅथलिक देशांत उपवासाच्या काळात मांस वर्ज्य, त्यामुळे टिकाऊ माशाला प्रचंड मागणी होती. १२ व्या शतकाच्या सुरुवातीलाच राजा ओइस्टेन याने लोफोटेनमध्ये बाहेरून येणाऱ्या कोळ्यांसाठी निवाऱ्याच्या झोपड्या बांधवून घेतल्या होत्या. त्या प्रकारच्या लाल लाकडी झोपड्या आज पर्यटकांना राहायला देतात. १४३२ च्या जानेवारीत पिएत्रो क्वेरिनी नावाच्या व्हेनिसच्या व्यापाऱ्याचे वादळात हरवलेले लोक लोफोटेनच्या टोकाला असलेल्या र्‍योस्ट बेटांपाशी जाऊन पोहोचले. क्रीटहून फ्लँडर्सकडे निघालेली त्याची बोट बुडाली होती आणि बरोबरचे बहुतेक जण मेले होते. र्‍योस्टच्या कोळ्यांनी उरलेल्यांना काही महिने घरात ठेवून घेतले, खाऊपिऊ घातले आणि परत जाताना सुका मासा दिला. क्वेरिनीने लिहून ठेवलेला त्या बेटाचा वृत्तान्त आजही उपलब्ध आहे, आणि उत्तम प्रतीचा सुका कॉड आजही मुख्यतः इटलीलाच जातो. माशांची सुकवलेली डोकी नायजेरियात जातात, कारण तेथल्या रस्सेदार पदार्थांना त्यांची चव लागते.

या साऱ्या व्यापाराची नाडी बर्गेनमध्ये होती. बंदराच्या कडेला ब्रिगेन नावाची लाकडी घरांची जी रांग आहे, ती १९७९ पासून जागतिक वारसा आहे. १३६० च्या सुमारास हान्झा या उत्तर युरोपातल्या व्यापारी शहरांच्या संघातल्या जर्मन व्यापाऱ्यांनी येथे आपली कायमची पेढी उघडली आणि जवळजवळ चारशे वर्षे, म्हणजे १७५४ पर्यंत, ती चालवली. उत्तरेचे कोळी मासा घेऊन येत आणि धान्य घेऊन जात, कारण त्यांच्या भूमीत धान्य पिकत नसे. व्यापारी उधारीवर धान्य देत, त्यामुळे कोळी पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्या कर्जात राहत. पेढीवरच्या पुरुषांना लग्न करण्याची मुभा नव्हती, आणि आगीच्या भीतीने राहत्या घरांत विस्तव पेटवायला बंदी होती, त्यामुळे बर्गेनच्या ओल्या थंडीत ऊब मिळायची ती मागच्या बाजूच्या वेगळ्या सभागृहांत. इतकी काळजी घेऊनही आगी लागतच गेल्या. आजची रांग १७०२ च्या आगीनंतर जुन्याच पद्धतीने उभारलेली आहे.

१९५५ च्या आगीत तिचा काही भाग पुन्हा जळाला, आणि त्या मोकळ्या झालेल्या जागेवर उत्खनन सुरू झाले. तेथे लाकडाच्या चपट्या काटक्यांवर रून या उत्तर युरोपातल्या प्राचीन लिपीत कोरलेले शेकडो मजकूर सापडले. मालावर बांधायच्या नावांच्या चिठ्ठ्या, प्रार्थना, प्रेमाच्या ओळी, हिशेब असे सर्व काही त्यात आहे. एका काटकीवर एवढेच लिहिले आहे: 'ग्युदा म्हणते, तू घरी ये.' बहुधा पिण्याच्या अड्ड्यावर बसलेल्या नवऱ्याला पाठवलेला तो निरोप असावा, असे अभ्यासक मानतात. मध्ययुगातले साधे लोकही लिहीत-वाचत होते, हे या काटक्यांमुळे कळले. ब्रिगेनच्या संग्रहालयात त्या पाहायला मिळतात, म्हणून बोट सुटण्याआधी आम्ही बर्गेनसाठी पूर्ण दोन दिवस राखले आहेत. तेथे पाऊस जवळपास रोजचाच असतो, तेव्हा चांगले रेनकोट घेतल्याशिवाय जाऊ नये, छत्री वाऱ्यापुढे टिकत नाही.

बर्गेनला विमानाने उतरण्याऐवजी ओस्लोहून रेल्वेने जायचे आम्ही ठरवले आहे. १९०९ मध्ये पुरा झालेला हा सुमारे ५०० किलोमीटरचा मार्ग हार्डांगर पठारावरून जातो. त्यावरचे फिन्से स्थानक समुद्रसपाटीपासून १,२२२ मीटर उंचीवर आहे आणि मार्चमध्ये तेथे सगळीकडे बर्फच असते. सुमारे सात तास लागतात. किनारा पाहण्याआधी देशाचा कणा कसा आहे हे कळावे, एवढाच त्यामागचा हेतू.

एकेरी फेरी करावी की जाऊन-येऊन, हा प्रश्न खर्चाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. किर्केनेसला उतरून विमानाने ओस्लोला परतता येते आणि पुष्कळ जण तसेच करतात. पूर्ण फेरीला १२ दिवस लागतात. आम्ही पूर्ण फेरी घेतली, कारण वेळापत्रकाची रचनाच अशी आहे की जी बंदरे जाताना रात्री लागतात ती येताना दिवसा लागतात. जाताना लोफोटेनचे स्वोल्वेर रात्री येते, तर परतीच्या वाटेवर राफ्टसुंडची अरुंद सामुद्रधुनी दुपारनंतरच्या उजेडात पार होते, आणि दोन्ही बाजूंचे कडे स्पष्ट दिसतात. त्याच दिवशी वाटेत स्टोकमार्कनेस लागते, जेथे रिचर्ड विथ यांच्या कंपनीची स्थापना झाली. तेथे १९५६ साली बांधलेली 'फिनमार्केन' ही आख्खी जुनी बोट काचेच्या दालनात जतन करून ठेवली आहे. एका देशाने आपल्या किनारी बोटीला एवढा मान दिलेला पाहायला मी फार उत्सुक आहे. ज्यांच्याकडे सुट्टी कमी आहे त्यांनी एकाच दिशेने जायचे झाल्यास मी किर्केनेसहून बर्गेनकडे येण्याचा सल्ला देईन. लोफोटेन आणि त्याच्या उत्तरेचा भाग त्या दिशेने अधिक उजेडात दिसतो.

ओलेसुंड आणि ट्रोन्डहाइम या दोन ठिकाणी चांगले चालता येईल एवढा वेळ मिळतो. ओलेसुंड २३ जानेवारी १९०४ च्या रात्री जवळजवळ सगळे जळाले, दहा हजार माणसे बेघर झाली, आणि तीन-चार वर्षांत सारे शहर त्या वेळच्या नव्या शैलीत, वेलबुट्टीच्या नक्षीने आणि मनोऱ्यांनी सजलेल्या दगड-विटांच्या इमारतींत पुन्हा उभे राहिले. ट्रोन्डहाइममध्ये मला फक्त निदारोस कॅथेड्रल पाहायचे आहे. १०३० मध्ये स्टिकलेस्टाडच्या लढाईत मारला गेलेला राजा ओलाव पुढे संत मानला गेला, त्याच्या थडग्यावर हे मंदिर उभे राहिले आणि मध्ययुगात उत्तर युरोपातून यात्रेकरू तेथे पायी येऊ लागले. ती पायवाट आता पुन्हा खुली झाली आहे. पंढरीची वाट माहीत असलेल्या माणसाला तिचे मोल वेगळे सांगायला नको.

ट्रोन्डहाइमनंतर किनारा बदलतो. ब्रोन्नोयसुंडजवळ टोरघाटेन नावाचा डोंगर आहे, ज्याच्या मधोमध आरपार भोक आहे, सुमारे १६० मीटर लांब आणि ३५ मीटर उंच. हिमयुगात बर्फाने आणि पाण्याने कमकुवत खडक झिजवून ते पाडले. लोककथा सांगते की घोडेस्वार राक्षसाने आपल्याला नाकारून पळणाऱ्या कन्येवर बाण सोडला, सोम्नाच्या राजाने तो अडवायला आपली टोपी मध्ये फेकली, टोपीला भोक पडले, आणि तेवढ्यात सूर्य उगवून सारे दगड झाले. कथेतली सगळी पात्रे डोंगर होऊन त्या किनाऱ्यावर उभी आहेत आणि बोटीवरून एकामागून एक दिसतात. पुढे ध्रुववृत्त ओलांडतानाची खूण म्हणून एका लहान बेटावर पृथ्वीचा गोल उभारलेला आहे. इतक्या उत्तरेला समुद्र गोठत नाही, याचे श्रेय अटलांटिकमधून वर येणाऱ्या उबदार प्रवाहाला. तो प्रवाह नसता तर ना मासेमारी झाली असती, ना ही बोट चालली असती.

ट्रॉम्सोविषयी प्रवासवर्णनांत पुष्कळ सापडते, म्हणून फार लिहीत नाही. तेथले ध्रुवीय संग्रहालय चुकवू नये एवढेच सांगते. दक्षिण ध्रुवावर प्रथम पोहोचलेले रोआल्ड आमुन्सेन १९२८ च्या जूनमध्ये, ध्रुवप्रदेशात कोसळलेल्या इटालियन हवाई नौकेतल्या लोकांना शोधण्यासाठी ट्रॉम्सोहून विमानाने गेले आणि कधीच परत आले नाहीत.

त्याच्या पुढचा भाग, म्हणजे फिनमार्क, माहितीपत्रकांत बहुतेक वेळा बर्फ, रेनडिअर आणि ध्रुवीय प्रकाश एवढ्यातच आटोपतात. या भागाची खरी ओळख १९४४ च्या हिवाळ्याशिवाय होऊच शकत नाही, असे माझे मत आहे. सोव्हिएत सैन्य पुढे सरकू लागले तेव्हा दुसऱ्या महायुद्धात नॉर्वे व्यापून बसलेल्या आणि आता माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याला सगळा प्रदेश जाळून टाकण्याचा हुकूम मिळाला. सुमारे ५०,००० लोकांना सक्तीने दक्षिणेकडे हलवले गेले. हजारो जण न जाता गुहांत आणि उलट्या केलेल्या होड्यांखाली त्या कडाक्याच्या थंडीत लपून राहिले. घरे, शाळा, धक्के, विजेचे खांब असे सगळे नष्ट केले गेले. होनिंग्सवोगमध्ये चर्च तेवढे उभे राहिले, आणि परत आलेली माणसे प्रथम त्याच चर्चमध्ये राहिली. हामरफेस्टमध्ये कबरस्तानातल्या लहान प्रार्थनागृहाव्यतिरिक्त काही उरले नाही. किर्केनेसने तर त्याआधी शेकडो हवाई हल्ले सोसले होते. जवळच्या ब्योर्नेवात्नच्या लोखंडाच्या खाणीतल्या बोगद्यात सुमारे ३,००० नागरिक आसऱ्याला गेले, तेथे दहा मुले जन्माला आली, आणि २५ ऑक्टोबर १९४४ रोजी शहर मुक्त झाले. या किनाऱ्यावरची घरे एवढी साधी आणि एकसारखी का दिसतात, याचे उत्तर येथे आहे. किनारी बोटींपैकीही कित्येक त्या युद्धात बुडाल्या, आणि १८९३ ची ती पहिली 'वेस्टेरोलेन'ही त्यात गेली.

सामी या उत्तरेकडच्या मूळ रहिवासी लोकांची भूमी हीच. नॉर्वेच्या राज्याने दीर्घकाळ त्यांच्या मुलांना शाळेत स्वतःची भाषा बोलू दिली नाही. आता कराशोक येथे त्यांची स्वतःची निर्वाचित संसद आहे. बोटीवरून जोडलेल्या काही सहलींत सामी कुटुंबांची भेट असते. पारंपरिक वेश घालून पर्यटकांपुढे उभे राहणे आणि आपले जगणे स्वतःच्या शब्दांत सांगणे यांत मोठे अंतर आहे, म्हणून ती सहल निवडताना ती सामी लोक स्वतः चालवतात का, एवढे आम्ही विचारून घेतले.

होनिंग्सवोगला बोट काही तास थांबते आणि बहुतेक सगळे प्रवासी बसने नॉर्थ केपला जातात. ७१°१०′२१″ अक्षांशावरचा, ३०७ मीटर उंचीचा तो कडा आहे, आणि १६६४ मध्ये फ्रान्चेस्को नेग्री नावाचा इटालियन धर्मगुरू तेथे एकट्याने पोहोचला होता. आम्हीही जाऊ, पण मार्चमधल्या वाऱ्यात रस्ता कधीही बंद होऊ शकतो, याची मनाची तयारी ठेवावी. तसे झाले तर गावातच राहून ते चर्च पाहता येईल.

माझे मन मात्र हामरफेस्टच्या एका लहानशा स्तंभाकडे अधिक लागले आहे. फ्रीडरिश स्ट्रूव या खगोलशास्त्रज्ञाच्या पुढाकाराने १८१६ ते १८५५ या काळात पृथ्वीचा नेमका आकार आणि माप ठरवण्यासाठी हामरफेस्टपासून काळ्या समुद्रापर्यंत २,८०० किलोमीटरहून लांब त्रिकोणांची साखळी मोजली गेली, आणि तिचे उत्तर टोक त्या स्तंभाने दाखवले आहे. तोही आज जागतिक वारसा आहे. याच काळात आपल्याकडे विल्यम लॅम्बटन यांनी मद्रासपासून सुरू केलेले त्रिकोणमितीय सर्वेक्षण दख्खनमधून उत्तरेकडे सरकत होते, आणि ते काम करता करताच १८२३ मध्ये लॅम्बटन वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला वारले. तेथे त्यांची कबर आहे. एकाच पृथ्वीला एकाच पद्धतीने, एकाच वेळी, दोन टोकांना मोजले जात होते. हामरफेस्टला परतीच्या वाटेवर बोट सकाळी काही वेळ थांबते, आणि तेवढ्यात स्तंभापर्यंत जाऊन येता येईल का, याचा नकाशावर हिशेब करून ठेवला आहे.

व्यवस्थेच्या गोष्टींपैकी खोलीची निवड प्रथम. खिडकी नसलेली आतली खोली बरीच स्वस्त पडते, आणि या प्रवासात खोलीत झोपण्यापुरतेच जायचे असते. वरच्या मजल्यावर मोठ्या काचांचे बसण्याचे दालन सर्वांसाठी खुले असते. त्यामुळे आम्ही आतली खोली घेतली आणि वाचलेले पैसे किनाऱ्यावरच्या सहलींसाठी ठेवले. ध्रुवीय प्रकाश दिसू लागला की खोल्यांमध्ये घोषणा होते. ज्यांना बंदिस्त जागेत गुदमरल्यासारखे होते त्यांनी मात्र हा मोह टाळावा. दोन्ही कंपन्यांच्या बोटींत मुख्य फरक वयाचा आणि इंधनाचा आहे. हाविलाच्या बोटी नव्या आहेत, नैसर्गिक वायू आणि मोठ्या बॅटऱ्यांवर चालतात आणि काही तास पूर्णपणे बॅटरीवर, आवाज न करता जाऊ शकतात. हुर्टिगरूटेनच्या बहुतेक बोटी १९९० च्या दशकातल्या असून त्यांतल्या काहींचे संकरित, म्हणजे इंधन आणि बॅटरी दोन्हींवर चालणारे, रूपांतर झाले आहे. ज्या जागतिक वारसा फियॉर्डांत आपण निसर्ग पाहायला जातो, तेथे नॉर्वेने २०२६ पासून लहान प्रवासी जहाजांना आणि २०३२ पासून मोठ्या जहाजांना प्रदूषणमुक्त प्रवासाची अट घातली आहे. प्रवाशांनीही जहाज निवडताना हा विचार करावा, असे मला वाटते.

बोट बहुतांशी बेटांच्या आडोशाने जाते, पण स्टाड, हुस्टाडविका, वेस्टफियॉर्ड आणि नॉर्थ केपच्या पूर्वेचा पट्टा येथे समुद्र उघडा आहे. हुस्टाडविका भागातच मार्च २०१९ मध्ये 'वायकिंग स्काय' या मोठ्या जहाजाची इंजिने वादळात बंद पडली आणि चारशेहून अधिक प्रवाशांना हेलिकॉप्टरने उचलावे लागले, सुदैवाने सारे वाचले. हवामान बिघडले तर किनारी बोट एखादे बंदर वगळते किंवा थांबून राहते, आणि कप्तानाचा तो निर्णय आनंदाने मानावा. बोट लागण्यावरच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून बरोबर घ्याव्यात आणि हे पट्टे येण्याच्या आधीच घ्याव्यात.

नॉर्वे युरोपीय संघात नसला तरी शेंगेन क्षेत्रात आहे, त्यामुळे शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा आवश्यक असतो. तिकीट, बोटीचे आरक्षण आणि विमा यांच्या तारखा एकमेकींशी नीट जुळतात का, हे दोनदा तपासावे. शाकाहारी जेवणाची नोंद आरक्षणाच्या वेळीच करावी, आयत्या वेळी सांगून उपयोग होत नाही. आम्ही बरोबर मेतकूट, चटण्या आणि थोडे थालिपिठाचे पीठ नेण्याचा विचार केला होता. पीठ शिजवायला बोटीवर सोय नाही, म्हणून ते रद्द केले. चटण्या जातील. कपड्यांच्या बाबतीत एकच जाड कोट घेण्यापेक्षा लोकरीचे आतले थर आणि वरून वारा-पाणी अडवणारे जाकीट घ्यावे. बंदरांतले धक्के बर्फाने निसरडे असतात, त्यासाठी बुटांना खालून लावायचे काटेरी पट्टे घ्यावेत, ते तेथेही सहज मिळतात.

एक दिवस आम्ही परतीनंतर मुद्दाम मोकळा ठेवला आहे. हिवाळ्यात बोटीला उशीर होऊ शकतो, तेव्हा बर्गेनला उतरल्याच्या दिवशीचे परतीचे विमान कोणीही घेऊ नये. बोट वेळेवर आलीच, तर तो दिवस नॉर्वेचे संगीतकार एडवर्ड ग्रीग यांच्या ट्रोल्डहॉगन येथल्या घरासाठी वापरू. तळ्याकाठच्या ज्या लहान झोपडीत बसून ते संगीतरचना करत, ती तेथे जपून ठेवलेली आहे.